नवी बॅटरी बसवलीत? तिचा वायू कुठे जातो ते आधी पाहा

नवी बॅटरी बसली, सेल्फ मारला, इंजिन सुरू झाले, पैसे दिले आणि मेकॅनिक गेला. बहुतेकांच्या लेखी काम इथे संपते. प्रश्न पडतात ते नंतर. ‘मेंटेनन्स फ्री’ बॅटरीतूनही वायू निघतो का? जुन्या बॅटरीला जोडलेली बारीक नळी आता नुसतीच लोंबकळते आहे, चालेल का? बॅटरी बदलल्यापासून डिकीत उग्र वास येतो, तो नवेपणाचा समजायचा का?

तिन्ही प्रश्नांची उत्तरे दोन गोष्टींवर अवलंबून आहेत : बॅटरी गाडीत कुठे ठेवली आहे आणि तिच्यातला वायू बाहेर कुठून पडतो. हे तपासायला मेकॅनिक असण्याची गरज नाही. टॉर्च, साधा मल्टिमीटर आणि थोडा वेळ पुरतो. मात्र तपासणी मेकॅनिक समोर असतानाच करा. चूक निघाली तर ती जागच्या जागी दुरुस्त होते.

आधी एवढे माहीत हवे

गाडीतली नेहमीची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे सहा सेल. प्रत्येक सेलमध्ये शिशाच्या प्लेट आणि पातळ केलेले सल्फ्युरिक ॲसिड असते. बॅटरी भरत आली की चार्जिंगचा करंट आतल्या पाण्याचे विघटन करू लागतो आणि हायड्रोजन व ऑक्सिजन तयार होतात. हायड्रोजनला रंग नाही, वासही नाही. हवेत त्याचे प्रमाण साधारण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर एक ठिणगी स्फोटाला पुरते. चार्जिंग प्रमाणाबाहेर झाले, तर सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइडही निघू शकतो, आणि तो विषारी आहे.

बाजारात मिळणाऱ्या बॅटऱ्या मुख्यतः अशा :

- पाणी घालायची बॅटरी : वर सहा बुचे असतात. वायू बुचांतल्या बारीक छिद्रांतून किंवा झाकणाच्या कडेच्या छिद्रातून जातो.
- सीलबंद, मेंटेनन्स फ्री : पाणी घालावे लागत नाही, एवढाच तिचा फायदा. झाकणाच्या एका किंवा दोन्ही टोकांना वायूचे छिद्र असतेच.
- ईएफबी : सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या अनेक गाड्यांत असते. हिच्यातही ॲसिड द्रवरूपच असते, त्यामुळे छिद्रही असतेच.
- एजीएम : ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषलेले असते आणि बहुतेक वायूचे आतच पुन्हा पाणी होते. जास्त दाब झाला, तर कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हप्रमाणे तिचा व्हॉल्व्ह उघडतो.

या चारपैकी एकही बॅटरी पूर्ण बंदिस्त नसते. ‘सीलबंद आहे, काही होत नाही’ या उत्तरावर समाधान मानू नका.

तुमची बॅटरी आहे कुठे?

भारतातल्या बहुतेक छोट्या-मोठ्या गाड्यांत बॅटरी बॉनेटखाली असते. तिथे हवा खेळती असते आणि हायड्रोजन हवेपेक्षा खूप हलका असल्याने वर निघून जातो. अशा जागी बहुतेकदा वेगळी नळी लागत नाही. छिद्रे मोकळी असली की झाले.

डिकीत किंवा सीटखाली बॅटरी असेल, तर मामला वेगळा. बीएमडब्ल्यूची अनेक मॉडेल, मझ्दा एमएक्स-५ आणि टोयोटा प्रियसच्या अनेक आवृत्त्यांत १२ व्होल्टची बॅटरी मागच्या बाजूला असते. म्हणजे ती प्रवाशांच्याच हवेत असते. अशा गाडीत वायू नळीवाटे गाडीबाहेर सोडण्याची सोय कंपनीने केलेली असते. नवी बॅटरी बसवताना नेमकी हीच नळी जोडायची राहते.

इलेक्ट्रिक गाडी असेल तरी पुढे वाचा. मोठ्या बॅटरीखेरीज बहुतेक ई-गाड्यांत १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते आणि अनेकदा ती शिशाचीच असते. मात्र नारिंगी रंगाच्या केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांना हात लावू नका.

तपासणीला हात घालण्यापूर्वी

- इंजिन बंद करा, चावी काढा, दिवे आणि म्युझिक सिस्टिम बंद असल्याची खात्री करा.
- सिगारेट, काडेपेटी, लायटर जवळ नको. अंधार असेल तर टॉर्चच वापरा.
- अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ, गळ्यातली लांब साखळी काढून ठेवा. दोन टर्मिनलमध्ये धातू आला की तो क्षणात लालबुंद होतो.
- डोळ्यांवर चष्मा असावा. शक्य असेल तर रबरी हातमोजे घाला.
- डिकीतली बॅटरी पाहायची असेल, तर डिकी आणि दारे काही मिनिटे उघडी ठेवून मगच वाका.

तपासणी : पायरी पायरीने

१. लेबल वाचा. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकार आणि आकार बॅटरीवर आहे का, ते पाहा. ‘३८बी२०एल’सारख्या कोडमधला अक्षरानंतरचा आकडा बॅटरीची लांबी सेंटिमीटरमध्ये सांगतो, तर शेवटचे ‘एल’ किंवा ‘आर’ टर्मिनलची बाजू. बाजू चुकली की केबल ओढून-ताणून बसवावी लागते आणि तिथेच पुढे ती घासते. गाडीत मुळात एजीएम असेल तर एजीएमच बसवा, ईएफबी असेल तर किमान ईएफबी. ‘साधी स्वस्तात पडेल’ हा सल्ला अशा गाडीत महागात पडतो.

२. छिद्रे मोकळी आहेत का? काही बॅटऱ्यांवर वाहतुकीत ॲसिड सांडू नये म्हणून छिद्रावर टोपी किंवा चिकटपट्टी लावलेली असते. पुस्तिकेत ती काढायला सांगितली असेल, तर ती काढलेली हवी. झाकणावरचे स्टिकर, पुसण्याचा बोळा, चिखल यांनी छिद्र बुजलेले नाही ना, तेही पाहा. छिद्र बंद राहिले तर आत दाब वाढतो, बॅटरी फुगते, कडेने ॲसिड झिरपते आणि प्रसंगी कवच फुटते.

३. बॅटरी हलते का? दोन्ही हातांनी हलवून पाहा. ट्रेमध्ये ती घट्ट बसलेली हवी. काही बॅटऱ्या तळाच्या कडेला क्लॅम्पने धरल्या जातात, काहींवर वरून पट्टी येते. पट्टी धातूची असेल, तर ती टर्मिनलपासून लांब आहे याची खात्री करा. ‘साइझ थोडी छोटी आहे’ म्हणून खाली थर्माकोल किंवा लाकडी फळी सरकवली असेल, तर ते काम मान्य करू नका.

४. टर्मिनल घट्ट आहेत का? हाताने पिळून टर्मिनल फिरता कामा नये. प्लसचा खांब मायनसपेक्षा थोडा जाड असतो, आणि जपानी पद्धतीच्या काही बॅटऱ्यांचे खांब मुळातच बारीक असतात. सैल बसणारा क्लॅम्प घट्ट करायला कुठे पत्र्याची पट्टी, कुठे खिळा ठोकतात. अशा सांध्यात ठिणगी उडते, आणि ती वायू निघतो त्याच्या अगदी शेजारी. योग्य क्लॅम्प किंवा त्यासाठीच मिळणारी शिशाची टोपी मागा.

५. प्लसवर झाकण आहे का? लाल रबरी किंवा प्लॅस्टिकची टोपी परत बसवायला लावा. बॉनेट बंद होताना ते टर्मिनलला टेकत नाही ना, हे आकार बदललेला असेल तर जरूर पाहा.

६. जुन्या बॅटरीसोबतचे भाग परत बसले का? बॅटरीभोवतीचे उष्णतारोधक आवरण, ट्रे, नळीचा कोपरा, बुचे असे सुटे भाग अनेकदा जुन्या बॅटरीबरोबरच निघून जातात. जुनी बॅटरी दुकानात जाण्याआधी तिच्यावर काय काय लावलेले आहे, ते पाहून घ्या. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवलात तर उत्तम.

डिकीत किंवा सीटखाली असेल तर नळी अशी तपासा

बॅटरीच्या झाकणाच्या बाजूला बारीक गोल छिद्र दिसेल. त्यात काटकोनी प्लॅस्टिकचा कोपरा बसतो, कोपऱ्याला नळी जोडली जाते आणि नळी गाडीच्या तळातून बाहेर पडते. पाहायचे ते असे :

- कोपरा छिद्रात खोलवर आणि घट्ट बसला आहे. हलक्या ओढीने तो निघत नाही.
- नळी बॅटरीखाली, सीटच्या पायाखाली किंवा कार्पेटखाली चेपलेली नाही, तिला कुठे मुरड पडलेली नाही.
- नळीचे दुसरे टोक खरोखर गाडीबाहेर आहे आणि चिखलाने बुजलेले नाही. कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत हे विशेष पाहा.
- बॅटरीला दोन्ही बाजूंना छिद्रे असतील, तर एकात नळी आणि दुसऱ्यात बूच. दोन्ही बंद नकोत. नळी लावून दुसरे उघडेच ठेवले, तर वायू तिथून आत येत राहतो.

नळी साफ आहे की नाही हे पाहायला ती बॅटरीपासून काढून हातपंपाने हवा मारा. बाहेरच्या टोकाला हवा लागली पाहिजे. तोंडाने फुंकू नका, आत ॲसिडचा अंश असू शकतो. बॅटरीच्या छिद्रात हवा कधीही मारू नका.

नव्या बॅटरीला नळी जोडायची सोयच नसेल, तर तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत : त्या बॅटरीसाठी कंपनीचा जोडभाग मिळत असेल तर तो लावून घेणे, किंवा बॅटरी बदलून मागणे. झाकणाला भोक पाडणे हा पर्याय नाही. ‘एजीएम आहे, नळी नको’ असे कोणी म्हणाले, तर गाडीची पुस्तिका दाखवा. कंपनीने नळी दिली असेल तर ती जोडलेलीच हवी, कारण चार्जिंग बिघडले की एजीएमचा व्हॉल्व्हही उघडतो.

मल्टिमीटर काय सांगतो?

वायू जास्त निघण्याचे मोठे कारण म्हणजे जास्त व्होल्टने होणारे चार्जिंग. त्यामुळे नळीइतकेच व्होल्टही महत्त्वाचे.

- इंजिन बंद, गाडी काही तास उभी : १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. सुमारे १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. नवी बॅटरी १२.४ च्या खाली असेल, तर ती दुकानात बराच काळ पडून असावी. चार्ज करून किंवा बदलून मागा.
- सेल्फ मारताना : आकडा खाली येणारच. तो ९.६ च्याही खाली गेला, तर बॅटरी किंवा जोडणी संशयास्पद.
- इंजिन चालू असताना : साधारण १३.८ ते १४.७. नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे मधूनच कमी आकडा दिसला तर घाबरू नका. मात्र तो सतत १५ च्या वर असेल, तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर तपासून घ्या. तोवर गाडी लांब पल्ल्यावर नेऊ नका.

जुनी बॅटरी फुगून किंवा पाणी आटून गेली असेल, तर ही शेवटची पायरी चुकवू नका. दोष चार्जिंगमध्ये असेल तर नवी बॅटरीही त्याच वाटेने जाईल. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी आणखी वेगाने आटते. बुचांची बॅटरी असेल, तर तिथे पाण्याची पातळी अधिक वेळा पाहा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला, ॲसिड नव्हे.

नेहमी होणाऱ्या चुका

- काढण्या-जोडण्याचा उलटा क्रम. काढताना आधी मायनस, मग प्लस. जोडताना आधी प्लस, शेवटी मायनस. क्रम उलटा झाला आणि पाना बॉडीला टेकला, तर जोराची ठिणगी उडते.
- फ्यूजशिवाय वायर. डॅशकॅम, हॉर्न, ॲम्प्लिफायर यांच्या वायर थेट टर्मिनलवर गुंडाळून दिल्या जातात. प्रत्येक वायरीला बॅटरीजवळ फ्यूज हवा.
- नव्या बॅटरीची नोंद न करणे. काही गाड्यांत, विशेषतः महागड्या युरोपीय गाड्यांत, नवी बॅटरी बसल्याचे संगणकाला कळवावे लागते. नाहीतर तो जुन्या बॅटरीच्या हिशेबानेच चार्जिंग करतो.
- जंप स्टार्टची शेवटची चिमटी. ज्या गाडीची बॅटरी उतरली आहे, तिच्या मायनसवर शेवटची चिमटी लावू नका. ती इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब लावा. ठिणगी उडाली तरी ती वायूपासून दूर उडते.
- बॉनेटखालची पूजा. दसऱ्याला किंवा नव्या गाडीच्या पूजेला बॉनेट उघडून उदबत्ती, निरांजन, कापूर आत फिरवू नका, विशेषतः गाडी नुकतीच चालून आली असेल तर. पूजा पुढच्या बाजूने, बॉनेट बंद ठेवून करा.

धोक्याची खूण दिसली तर

सडका वास, बॅटरीच्या फुगलेल्या बाजू, हाताला चटका बसेल इतकी उष्णता, झाकणावर ओल किंवा आतून सूंऽऽ असा आवाज यांपैकी काहीही आढळले, तर असे करा :

१. गाडी मोकळ्या जागी थांबवा, इंजिन बंद करा, सर्वांना खाली उतरवा, दारे उघडी ठेवा.
२. लगेच टर्मिनल काढायला धावू नका. वायू साचलेला असताना उडालेली ठिणगीच घातक ठरते. आधी हवा खेळू द्या, बॅटरी थंड होऊ द्या.
३. वास कमी झाला म्हणजे धोका टळला असे समजू नका. हायड्रोजन सल्फाइडने नाक बधिर होते.
४. धूर किंवा ज्वाळा दिसल्या तर लांब जा आणि ११२ वर कळवा.

सीएनजी गाडी असेल तर अधिक सावध राहा. गळती कळावी म्हणून सीएनजीतही मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. वास बॅटरीचा की गॅसचा, हे ठरवत बसू नका. सेल्फ मारू नका, डिकीच्या दिव्यासकट कोणतेही बटण चालू-बंद करू नका. आतून हात पोहोचत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून तज्ज्ञाला बोलवा.

ॲसिड अंगावर उडाले तर

डोळ्यांत गेले असेल तर वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे धुवा, चोळू नका, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुता धुता काढा आणि थेट डॉक्टरांकडे जा. त्वचेवर उडाले तर भिजलेला कपडा काढून भरपूर पाण्याने धुवा. खाण्याच्या सोड्याचे पाणी ट्रेवर किंवा पत्र्यावर सांडलेले ॲसिड मारायला चांगले, डोळ्यांत मात्र ते कधीही घालू नका.

बिल, वॉरंटी आणि तुमचे हक्क

- बिल घ्याच. त्यावर बॅटरीचे मॉडेल, अनुक्रमांक, तारीख आणि बसवण्याचे पैसे वेगळे घेतले असतील तर तेही लिहून घ्या. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे.
- वॉरंटी नीट वाचा. अनेक बॅटऱ्यांवर तिचे दोन भाग असतात. पहिल्या महिन्यांत मोफत बदल, पुढच्या महिन्यांत फक्त नव्या बॅटरीवर काही सूट. दुसऱ्या भागालाही ‘वॉरंटी’च म्हणतात. ऑनलाइन नोंदणी लागत असेल तर ती दुकानातच करून घ्या.
- तारीख विचारा. बॅटरीवर उत्पादनाचा कोड असतो. विक्रेत्याला तो वाचून दाखवायला सांगा. सहा महिन्यांहून जुना माल असेल, तर ताजा मागा.
- बसवण्याची चूक हीसुद्धा सेवेतली त्रुटी आहे. नळी जोडली नाही, क्लॅम्प लावला नाही, तर फोटोसह व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने लेखी कळवा. तोंडी तक्रारीचा पुरावा उरत नाही.
- दाद कुठे मागायची? आधी विक्रेता, मग कंपनीचा ग्राहक कक्ष, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तेवढ्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. ५ लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराला आयोगात शुल्क नाही.
- जुनी बॅटरी विक्रेत्यालाच द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्चक्रणाला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जुनीची किंमत बिलात वळती झाली आहे का, ते पाहा. ती फोडून शिसे काढणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. ॲसिड गटारात जाते आणि शिसे वस्तीतल्या मुलांच्या अंगात.

पैसे देण्यापूर्वी पाच प्रश्न

१. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकाराचीच बॅटरी आहे ना?
२. वायूचे छिद्र कुठे आहे, आणि नळी होती तर ती जोडली का?
३. बॅटरी आणि टर्मिनल हाताने हलत नाहीत ना?
४. इंजिन चालू असताना किती व्होल्ट दिसतात?
५. बिल आणि वॉरंटी कार्डावर अनुक्रमांक लिहिला का?

पाचही उत्तरे मिळेपर्यंत मेकॅनिकला सोडू नका. बॉनेटखालच्या बॅटरीत एखादी त्रुटी राहिली, तर फार तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावता येईल. डिकीतल्या किंवा सीटखालच्या बॅटरीची नळी जोडलेली नसेल, तर मात्र ती जोडून होईपर्यंत गाडी घेऊन निघू नका.